सरकारी पाळणाघर : आधी कोणाचे मूल?

वर्ष-सव्वा वर्षाचे मूल दवाखान्यात येते. वजन वाढत नाही, महिन्याआड जुलाब होतात, अंगावर हाडे दिसू लागलेली असतात. आई टॉनिक मागते आणि डॉक्टर लिहूनही देतात. एक प्रश्न मात्र बहुधा विचारायचा राहून जातो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात या मुलाला कोण खाऊ घालते?

उत्तर बरेचदा असे असते की, आई खुरपणीला जाते, वडील ट्रॅक्टरवर किंवा गवंडीकामावर असतात आणि मूल आठ वर्षांच्या बहिणीजवळ असते. किंवा म्हाताऱ्या आजीजवळ असते, जिला स्वतःलाच धड दिसत नाही. किंवा बांधावर झाडाला बांधलेल्या झोळीत असते. अशा घरात टॉनिकचा फारसा उपयोग होत नाही. त्या मुलाला हवे असते दिवसभर लक्ष ठेवणारे मोठे माणूस आणि दर दोन-तीन तासांनी चार घास. म्हणजेच पाळणाघर.

पाळणाघर म्हटले की आपल्यासमोर शहरातल्या नोकरदार बायका येतात. प्रत्यक्षात पाळणाघराची सर्वांत जास्त गरज आहे ती मजुरीवर जाणाऱ्या आईला, आणि तिला पैसे देऊन ही सोय विकत घेणे परवडत नाही. म्हणून येथे सरकारच्या मदतीचा प्रश्न येतो. सरकारचा पैसा मर्यादित असल्यामुळे त्यापुढचा प्रश्नही लगेच येतो. सोय आधी कोणाला द्यायची? आजच्या लेखात आपण हेच समजून घेऊ.

तीन वर्षांच्या आतले मूल

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध पुरते. सहा महिने झाले की दुधाबरोबर वरचे अन्न लागते. बाळाचे पोट लहान असते. मोठ्या माणसासारखे दोन वेळा पोटभर जेवून त्याचे भागत नाही. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई आठ-दहा तास घराबाहेर असेल तर यातले निम्मे तरी घास चुकतात. सकाळी घाईत एकदा आणि रात्री झोपेच्या गुंगीत एकदा, एवढेच त्या मुलाच्या वाट्याला येते. मधल्या वेळात हातात बिस्किटाचा पुडा दिला जातो.

याच वयात मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते. दोन वर्षांचे होईतो मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा झालेला असतो. या काळात खुंटलेली उंची पुढे भरून काढणे फार अवघड जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी, तर ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली. उंचीच्या मानाने वाळलेल्या मुलांचे प्रमाण २५.६ टक्के होते; देशाचे तेच प्रमाण १९.३ टक्के होते. आपले राज्य श्रीमंत म्हणवते, पण लहान मुलांच्या बाबतीत ही स्थिती आहे.

दुसरा धोका अपघातांचा. चूल, पाण्याचा हौद, शेततळे, उघडी विहीर, कीटकनाशकाची बाटली, रॉकेलचा डबा या सर्वांपासून रांगणाऱ्या मुलाला आठ वर्षांची बहीण वाचवू शकत नाही. तिसरे नुकसान त्या बहिणीचेच. धाकट्याला सांभाळण्यासाठी तिची शाळा बुडते. एका पाळणाघरामुळे लहान मुलाचे पोषण, आईची मजुरी आणि बहिणीची शाळा अशा तीन गोष्टी सांभाळल्या जातात.

अंगणवाडी आहे, मग पाळणाघर कशाला?

हा प्रश्न ग्रामसभेत हमखास विचारला जातो. अंगणवाडी ही कल्पना मुळात आपल्याच मातीतली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यावी, हा त्यातला विचार होता. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड घातलेली होती. मोठी मुलगी शिकायला यायची तर तिच्या कडेवरच्या भावंडाचीही सोय पाहिजे, हे त्यांनी फार आधी ओळखले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज एकट्या महाराष्ट्रात अंगणवाड्यांची संख्या एक लाख दहा हजारांच्या घरात आहे. मात्र अंगणवाडीत मुख्यतः तीन ते सहा वर्षांची मुले येऊन बसतात, आणि तीही काही तासच. तीन वर्षांखालच्या मुलासाठी घरपोच आहाराचे पाकीट मिळते. ते पाकीट शिजवून, गार करून, घास-घास भरवायला घरी माणूस असेल तरच त्याचा उपयोग. आई रानात असेल तर पाकीट फळीवर राहते किंवा घरातल्या सर्वांच्या पोटात जाते.

थोडक्यात, ज्या वयात धोका सर्वांत जास्त, त्या वयाच्या मुलाला दिवसभर ठेवून घेणारी जागा आपल्या व्यवस्थेत फार थोडी आहे. पाळणाघर ही उणीव भरून काढते.

आजवर काय झाले

कायद्याने पाळणाघर प्रथम आणले ते कारखान्यांत. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे होते. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या ३० वर आणली. चहामळे, खाणी, विडी उद्योग, बांधकाम यांच्या कायद्यांतही अशीच तरतूद झाली. त्याचा एक उलटा परिणाम दिसला. काही मालकांनी बायकांची संख्या ३० च्या आतच ठेवली. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. येथे मोजणी फक्त बायकांची नसून सर्व कर्मचाऱ्यांची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही ५० ही संख्या आणि एकूण कामगारांची मोजणी हेच तत्त्व आहे. बाईला कामावर न घेण्याचे एक निमित्त त्यामुळे कमी झाले, ही चांगली गोष्ट.

पण आपल्या जिल्ह्यातल्या किती बायका अशा आस्थापनेत काम करतात? शेतमजूर बाईला मालक एक नसतो. घरी बसून विड्या वळणारीच्या नावे कारखाना नसतो. धुणीभांडी करणारी चार घरी जाते. या सर्व जणी कायद्याच्या जाळीतून गळतात. त्यांच्यासाठी लागते ती सरकारी अनुदानाची योजना.

अशी योजना १९७५ साली सुरू झाली. नोकरी करणाऱ्या व आजारी मातांच्या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांनी पाळणाघर चालवायचे आणि सरकारने अनुदान द्यायचे, अशी ती होती. त्याआधी १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली होती. इमारत पूर्ण झाली की मजुरांबरोबर पाळणाघरही पुढच्या कामावर जाई. २००६ मध्ये सरकारी योजनेला राजीव गांधींचे नाव मिळाले आणि तिचा विस्तार झाला. देशात वीस हजारांहून अधिक पाळणाघरे उभी राहिली. मात्र दोन सेविकांना मिळून महिन्याला दोन हजार रुपये मानधन होते. एवढ्यात चांगले माणूस टिकणे कठीणच.

२०१७ साली योजनेचे नाव राष्ट्रीय पाळणाघर योजना झाले आणि खर्चाची वाटणी बदलली. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ३० टक्के आणि संस्थेचे १० टक्के असा हिशोब ठरला. सेविकेचे मानधन तीन हजार आणि मदतनिसाचे दीड हजार झाले. कागदावर ही वाढच होती, पण राज्यांचा वाटा वेळेवर मिळेना आणि संस्थांना पदरचे पैसे घालणे झेपेना. पाळणाघरे एकामागून एक बंद पडली. काही वर्षांत संख्या साडेसहा हजारांच्या आसपास आली. बंद पडलेल्या पाळणाघरांतली मुले कोठे गेली याची नोंद कोणत्याही रजिस्टरात सापडणार नाही. ती परत झोळीत आणि बहिणीच्या कडेवर गेली असणार.

२०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ ही योजना आली. तिचा मुख्य भर अंगणवाडी-सह-पाळणाघरावर आहे. म्हणजे असलेल्या अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे, त्यासाठी वेगळी सेविका व मदतनीस नेमायची. २०२५-२६ पर्यंत देशात अशी १७ हजार पाळणाघरे उघडण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. बाराव्या पंचवार्षिक योजनेत (२०१२ ते २०१७) देशातल्या पाच टक्के अंगणवाड्या, म्हणजे सुमारे ७० हजार, पाळणाघरासह चालवण्याचा विचार होता. ७० हजारांचा संकल्प १७ हजारांवर आला, यावरून या विषयाला सरकारी नियोजनात कोणते स्थान मिळते ते कळते.

नियोजनातले चार पेच

पहिला पेच वयाचा. तीन ते सहा वर्षांची मुले सांभाळणे त्या मानाने सोपे आणि स्वस्त असते. एका बाईला वीस-पंचवीस मुले बसवता येतात. सहा महिन्यांची आठ-दहा मुले असली तर दोन बायकांचे चार हातही पुरत नाहीत. त्यामुळे मनुष्यबळ न वाढवता फक्त ‘२५ मुले’ एवढेच लक्ष्य दिले की सेविका मोठी मुले भरते आणि तान्ह्यांना परत पाठवते. आकडा पूर्ण होतो, हेतू राहून जातो. छत्तीसगडमध्ये ‘फुलवारी’ या नावाने जी पाळणाघरे निघाली ती मुद्दाम सहा महिने ते तीन वर्षे या वयासाठी आहेत, आणि तेथे मुलांना शिजवलेले अन्न दिवसातून अनेक वेळा दिले जाते. आपल्याकडेही वयाचा अग्रक्रम असाच स्पष्ट लिहिला पाहिजे.

दुसरा पेच वेळेचा. पाळणाघर दहाला उघडते आणि आई सातला कामावर जाते, तर ते तिच्या उपयोगाचे नाही. राष्ट्रीय योजनेत महिन्याचे २६ दिवस आणि रोज साडेसात तास ठरवलेले आहेत. साडेसात तास पुरेसे आहेत की नाहीत हे त्या गावच्या मजुरीच्या वेळेवर ठरते. खुरपणी-काढणीच्या दिवसांत सकाळी लवकर, इतर दिवसांत थोडे उशिरा, अशी लवचीक वेळ गावानेच ठरवावी.

तिसरा पेच फीचा. फुकट ठेवावे की थोडी फी घ्यावी? २०१७ च्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिन्याला २० रुपये, महिना १२ हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास १०० आणि त्यावर २०० रुपये, अशी फी होती. उत्पन्नाप्रमाणे फी हा न्याय्य मार्ग आहे. पण फी कमी असली म्हणजे गरिबाला जागा मिळतेच असे नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचा अनुभव येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे १९९७ साली सर्वांसाठी रोजी पाच डॉलर अशा सवलतीच्या दरात पाळणाघरे सुरू झाली. कामावर जाणाऱ्या आयांची संख्या वाढली, हे मोठे यश होते. पण जागा कमी आणि मागणी जास्त झाली. प्रतीक्षा यादीत आधी नाव घालणारी, कागदपत्रे जाणणारी, सुस्थितीतली कुटुंबे चांगल्या पाळणाघरांत पुढे राहिली आणि गरीब घरची मुले मागे पडली. जागा अपुऱ्या असतील तेव्हा ‘पहिला येईल त्याला’ हा नियम दिसायला समान, पण परिणामाने असमान ठरतो.

चौथा पेच मानधनाचा. ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघराच्या सेविकेला महिना ५,५०० आणि मदतनिसाला ३,००० रुपये ठरले. दोघींचे मिळून ८,५०० रुपये. २५ मुले धरली तर एका मुलामागे महिना ३४० रुपये होतात. दिवसभर दुसऱ्याचे मूल भरवणे, धुणे-पुसणे, झोपवणे, आजार ओळखणे या कामाची आपण केलेली ही किंमत आहे. सेविका वर्षात दोनदा बदलली तर लहान मूल बिथरते, रडते, खात नाही. मुलाला ओळखीचा चेहरा लागतो. म्हणून मानधन हा केवळ सेविकांच्या मागणीचा विषय न राहता मुलांच्या आरोग्याचाही विषय होतो.

अग्रक्रम कसा लावावा

सर्व गावांत एकाच वर्षी पाळणाघर होणार नाही, हे मान्य करून क्रम लावला पाहिजे. पुढील गोष्टी पाहून तो लावता येईल.

१. ज्या गावात किंवा वस्तीत तीन वर्षांखालील कमी वजनाची मुले जास्त, ते गाव आधी. ही माहिती अंगणवाडीच्या वजनाच्या नोंदीत असते.

२. जेथे आया मोठ्या संख्येने रोजंदारीवर जातात आणि घरात सांभाळणारे माणूस नाही, ती वस्ती आधी. तांडे, पाडे, दलित वस्ती, शहरातली झोपडपट्टी आणि वीटभट्ट्या यांत येतात.

३. स्थलांतर करणाऱ्यांचा वेगळा विचार. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते. पहाटे कोयता हातात घेतला की मूल उसाच्या फडाकडेला नाही तर कोपीत असते. गावातली अंगणवाडी तेव्हा शेकडो किलोमीटर मागे राहिलेली असते. साखर कारखान्याच्या गाळप हंगामापुरते, अड्ड्याजवळ पाळणाघर हवे. साखरशाळा मोठ्या मुलांसाठी निघाल्या, तान्ह्यांसाठी तशी सोय झाली पाहिजे.

४. एकट्या आईचे मूल, अपंग मूल, आजारी आईचे मूल आणि जिच्या पायी मोठ्या बहिणीची शाळा सुटली आहे अशा घरातले मूल यांना जागा आधी.

सरकारी कामावरच्या पाळणाघराची तरतूद यापूर्वीही होती. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर एका बाईला त्यांना सांभाळण्याचे काम देऊन पूर्ण मजुरी द्यावी, असे म्हटले होते. बहुतेक कामांवर ही बाई नेमलीच गेली नाही, कारण कोणी मागितलीच नाही. कर्नाटक सरकारने २०२३ साली चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिना मने’, म्हणजे बाळाचे घर, या नावाने मजूर आयांसाठी पाळणाघरे काढण्याचे ठरवले. पंचायतीला मध्ये घेतले की योजना गावाची होते, हा त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे.

चांगले पाळणाघर कसे ओळखावे

पाळणाघरात मुले एकत्र आली की सुरुवातीला सर्दी, खोकला, जुलाब थोडे वाढतात. हे लपवण्याचे कारण नाही. पण स्वच्छता असेल तर ते आटोक्यात राहतात. आपल्या मुलाला ठेवण्यापूर्वी एवढे जरूर पाहावे :

* शी-शू धुतल्यावर आणि भरवण्याआधी सेविका साबणाने हात धुते का? पाणी झाकलेले व गाळलेले किंवा उकळलेले आहे का?
* अन्न ताजे शिजवलेले आहे का? मऊ खिचडी, वरण-भात, नाचणीची पेज, उकडलेले अंडे, केळे, तेला-तुपाचा थेंब असा आहार असावा. दूध द्यायचेच तर वाटी-चमच्याने; बाटली नको.
* स्तनपान देणाऱ्या आईला मधल्या सुटीत येऊ देतात का?
* सर्व मुलांना लसी टोचल्या आहेत याची नोंद आहे का? गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत द्यायची असते.
* दर महिन्याला वजन होते का, आणि ते आईला सांगतात का?
* चूल, पाण्याचे पिंप, फिनेल, औषधे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी आहेत का? दाराला कडी किंवा फळी आहे का?
* जलसंजीवनीची पाकिटे ठेवली आहेत का? जुलाब, ताप, गोवर झालेल्या मुलाला वेगळे ठेवतात का?
* मूल कोणाच्या हाती सोपवायचे याची नावे लिहून घेतली आहेत का?
* सेविका मुलांशी बोलते का, गाणी म्हणते का? गप्प बसवून ठेवलेली मुले म्हणजे चांगली सांभाळलेली मुले नव्हेत.

गावाने काय करावे

योजना वरून येईल म्हणून वाट पाहत बसू नये. पहिले काम मोजणीचे. महिला बचत गट, आशा आणि अंगणवाडी सेविका यांनी मिळून आठवडाभरात यादी करावी. सहा महिने ते तीन वर्षांची मुले किती, त्यांतल्या किती जणांच्या आया रोज कामावर जातात, किती वाजता जातात आणि मूल कोणाजवळ असते, एवढी चार सदरे पुरेत.

ही यादी ग्रामसभेत वाचून ठराव करावा आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अंगणवाडी-सह-पाळणाघराची मागणी नोंदवावी. नुसते ‘आमच्या गावाला पाळणाघर हवे’ असे लिहिण्यापेक्षा ‘अमुक वस्तीत एवढी मुले आहेत आणि त्यांतली एवढी कमी वजनाची आहेत’ असे लिहिलेल्या अर्जाला वजन येते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. हा पैसा बरेचदा शिलाई यंत्रे आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांत जातो. त्यातून पाळणाघरासाठी सतरंज्या, भांडी, पाळणे, कुंपण, पंखा एवढे सहज होते. जागेसाठी समाजमंदिर किंवा शाळेची रिकामी खोली पाहावी. सरकारी मंजुरी येईपर्यंत सुगीच्या दोन-तीन महिन्यांपुरते का होईना, दोन बायका नेमून पाळणाघर चालवून पाहावे. आया थोडे धान्य आणि थोडे पैसे आनंदाने देतात, असा अनुभव अनेक ठिकाणचा आहे. हंगाम संपल्यावर मुलांची सुरुवातीची व शेवटची वजने शेजारी-शेजारी मांडून ग्रामसभेपुढे ठेवावीत.

निवडणुकीत रस्ता, पाणी, सभामंडप यांची मागणी होते, कारण ती करणारी माणसे सभेला हजर असतात. दीड वर्षाचे मूल सभेला येत नाही आणि त्याची आई त्या वेळी रानात असते. त्यांच्या वतीने पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘पाळणाघर’ हा एक विषय घालून घ्यावा. त्यासाठी सभेच्या आधी ग्रामसेवकाकडे एक साधा लेखी अर्ज दिला तरी सुरुवात होते.